जुन्या घराभोवती मेटल डिटेक्टर अखंड किरकिरत असेल तर

लक्षणं

मोकळ्या शेतात शांत चालणारा डिटेक्टर जुन्या फार्महाऊसच्या किंवा मॅनर हाऊसच्या (जमीनदाराच्या जुन्या वाड्याच्या) आवारात शिरला की किरकिर करायला लागतो. पडद्यावरचा, खाली कोणता धातू आहे याचा अंदाज देणारा आकडा एका जागी ठरत नाही. डावीकडून उजवीकडे कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीलगत फिरवायची तबकडी) फिरवली तर चांदीसारखा उंच सूर येतो, परत येताना त्याच जागी लोखंडाची घरघर. खणलं तर काहीच सापडत नाही, किंवा अर्धा वीत खणेपर्यंत आवाजच नाहीसा होतो. काही ठिकाणी यंत्र नुसतं हातात धरलं तरी टकटक चालू असते.

इंग्लंडमध्ये हा छंद नव्याने धरलेल्या प्रत्येकाकडून ही तक्रार येते आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच नवं यंत्र घ्यायला निघतात. यंत्र बहुधा ठणठणीत असतं. तीनशे वर्षं माणसं राहिलेल्या घराभोवतीची जमीन खिळे, नाल, कोळशाची राख आणि विटांचे तुकडे यांनी भरलेली असते, वर आजच्या विजेच्या वायरी. यंत्र जे ऐकतं ते खरंच तिथे असतं. आपल्याला फक्त ते येतंय कुठून हे शोधायचं आहे, आणि ते कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही. आधी सेटिंग बदलली की मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या सगळ्या तपासण्या निरुपयोगी होतात.

पहिली तपासणी: कॉइल स्थिर धरा

पैसे लागत नाहीत, वेळ एक मिनिट. यंत्र चालू करून कॉइल कमरेइतक्या उंचीवर, जमिनीपासून आणि घराच्या भिंतीपासून लांब, अजिबात न हलवता धरा. मग क्रमाने तीन गोष्टी करा.

स्थिर धरूनही आवाज येत असेल तर तो हवेतून येतोय, म्हणजे विजेचा अडथळा आहे. स्थिर असताना शांत, पण कॉइलला बोटाने टिचकी मारली, वायर हलवली किंवा गवताला कॉइल घासली की आवाज, तर दोष जोडणीत किंवा कॉइलमध्ये. या दोन्ही वेळा शांत आणि जमिनीजवळ फिरवल्यावरच बडबड, तर कारण जमिनीत आहे.

पुढचं सगळं या तीन फाट्यांवर अवलंबून आहे. ही तपासणी गाळून पुढे गेलात तर राखेच्या ढिगाऱ्यावर उभं राहून वायर बदलत बसाल.

अंगावरचं लोखंड आणि बॅटरी

स्टीलच्या टाचेचे किंवा पुढे पोलादी टोपी असलेले बूट कॉइल पायाजवळ आली की प्रत्येक फेरीत एकदा वाजतात. आवाज नेमका फेरीच्या एका टोकालाच येत असेल तर बुटाकडे पाहा. फावडं कॉइलपासून निदान दीड मीटर दूर ठेवा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तो कंट्रोल बॉक्सला लागून खिशात असेल तर नेटवर्क शोधताना दर काही सेकंदांनी खरखर येते. सोबत दुसरा कोणी डिटेक्टर चालवत असेल तर दोघांमध्ये पंधरा-वीस मीटर अंतर हवं, कारण एकाचं प्रक्षेपण दुसऱ्याला सिग्नल वाटतं.

हेडफोन काढून यंत्राच्या स्पीकरवर ऐका. बऱ्याचदा खरखर हेडफोनच्या पिनमध्ये असते. बॅटरी पूर्ण भरून घ्या. एए सेलवर चालणाऱ्या यंत्रात जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. चारातला एक सेल खचला की यंत्र बंद पडत नाही, पण अस्थिर होतं, आणि हे लक्षण जमिनीच्या दोषासारखंच दिसतं.

हवेतून येणारा आवाज

जुन्या घराला आतून नवी वीज असते: एलईडी दिवे, वाय-फाय, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, गुरांसाठी विजेचं कुंपण. डिटेक्टरचं काम काही किलोहर्ट्झ ते चाळीसएक किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि स्वस्त एलईडीचा पुरवठा किंवा इन्व्हर्टर नेमका त्याच पट्ट्यात कचरा टाकतो.

कुंपणाचा आवाज ओळखायला सोपा: घड्याळासारखा, साधारण सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका. तो ऐकू आला की शेतकऱ्याला विचारून तासभर कुंपण बंद करून घ्या. स्वतः त्याच्या बटणाला हात लावू नका. आत जनावरं असतात आणि ती बाहेर पडली तर परवानगीही गेलीच.

बाकीच्या स्रोतांसाठी कॉइल उभी करा, म्हणजे तिची कड जमिनीकडे आणि चपटी बाजू क्षितिजाकडे, आणि जागेवरच सावकाश स्वतःभोवती फिरा. ज्या दिशेला खरखर बदलते त्या दिशेने स्रोत आहे. मग यंत्राचं नॉइज कॅन्सल, म्हणजे बाहेरचा अडथळा टाळण्याची सोय, चालवा. ते चालू असताना कॉइल हलवायची नाही, आणि जागा बदलली की पुन्हा चालवायचं. बहुफ्रीक्वेन्सी यंत्र असेल तर एकेरी फ्रीक्वेन्सीवर जाऊन पाहा. एकाच वेळी अनेक पट्टे ऐकणाऱ्या यंत्राला अडथळाही जास्त ऐकू येतो.

तरीही आवाज थांबला नाही तर सेन्सिटिव्हिटी उतरवा, आणि न घाबरता उतरवा. खोलवरच्या नाण्याचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो: कॉइलचं क्षेत्र खाली जाताना तिसऱ्या घाताने क्षीण होतं, नाण्याचं उत्तर वर येताना पुन्हा तिसऱ्या घाताने. याचा उलटा फायदा असा की यंत्राची संवेदनशीलता खरोखर निम्मी केली तरी खोली जेमतेम अकरा टक्के कमी होते. वीस सेंटिमीटरवर सापडणारं नाणं अठरावर सापडेल. खरखरीत हरवणारी नाणी त्याहून कितीतरी जास्त असतात. सेन्सिटिव्हिटी वर चढवून कुरकुर सहन करत चालणं हा या छंदातला सगळ्यात महागडा हट्ट आहे.

जोडणी आणि कॉइल

आधी कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. त्यात वाळू, ओली माती आणि जुन्या आवारात हमखास लोखंडाचा गंज मिसळलेला चुरा साठतो. कॉइलबरोबर फिरणारी ही माती यंत्राला सतत जमीन बदलल्याचा भास देते. कव्हर धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. किती जण वर्षानुवर्षं ते काढतच नाहीत!

मग वायर. ती दांड्याभोवती घट्ट वेढलेली हवी आणि कॉइलजवळ वाकण्यापुरतीच थोडी ढील. सैल वायर कॉइलवर लोंबकळली तर कॉइल तिलाच धातू समजते. जोडणीची चकती हातानेच पिळायची, पक्कड लावायची नाही. आतल्या पिना वाकतात. पिना हिरवट दिसल्या तर कोरड्या मऊ ब्रशने स्वच्छ करा. कॉइल दांड्याला जोडणारा बोल्ट प्लास्टिकचाच असला पाहिजे. मूळ बोल्ट हरवून लोखंडी स्क्रू बसवलेली यंत्रं सापडतात, आणि तो स्क्रू काढला की आजार संपतो.

टिचकीचा आवाज यानंतरही राहिला तर तशीच कॉइल कोणाकडून तरी तासभर मागून लावून पाहा. मित्राच्या कॉइलवर यंत्र शांत झालं तर तुमच्या कॉइलमध्ये पाणी शिरलंय किंवा आतली तार सुटलीय. इथे थांबा. कॉइल आतून इपॉक्सीने भरलेली असते आणि तिच्यातल्या दोन गुंडाळ्यांचा एकमेकींशी समतोल कारखान्यात लावलेला असतो. फोडून सांधली तर तो परत येत नाही आणि वॉरंटीही जाते. विक्रेत्यामार्फत सेवा केंद्राकडे पाठवा.

जमीन: खरी झुंज इथे आहे

पहिल्या दोन फाट्यांवर काही सापडलं नाही, तर यंत्र निरोगी आहे. आता आवारातल्या कचऱ्याचे प्रकार वेगळे ओळखायचे.

आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे त्या जागेच्या मातीचा सिग्नल यंत्राला दुर्लक्षित करायला लावणं. धातूचा आवाज नसलेला हातभर तुकडा शोधा आणि कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ते वीस सेंटिमीटर अशी सरळ वर-खाली हलवत बॅलन्स लावा. खिळ्यावर उभं राहून बॅलन्स लावला तर यंत्र खिळ्यालाच जमीन मानतं आणि बाकी सगळीकडे ओरडतं. घराच्या जवळ आणि बागेच्या टोकाला बॅलन्स वेगळा लागतो. याचं कारण वीट. मातीत लोह असतंच. ती भट्टीत भाजली की त्या लोहाचं जास्त चुंबकीय खनिजात रूपांतर होतं. म्हणून विटांचा राडारोडा, जुनी चूल, जळालेलं छप्पर पडलेली जागा, ही सगळी साध्या मातीपेक्षा जास्त गोंगाट करतात. नॉर्थॅम्प्टनशरसारख्या लोहदगडाच्या भागात तर जमीन मुळातच अशी असते, तिथे बॅलन्स वारंवार लावावा लागतो.

मग खिळे. एका दिशेने फिरवताना गोड सूर आणि दुसऱ्या दिशेने घरघर, हे जवळजवळ नेहमी लोखंड असतं. त्या जागेभोवती नव्वद अंशांत वळा आणि पुन्हा फिरवा. नाणं गोल आहे. ते आडवं पडलेलं असेल तर कुठूनही सारखंच वाजतं. खिळा लांब असतो, त्याच्या टोकांवरून जाताना वेगळा आणि मधून जाताना वेगळा वाजतो. दुसरी खूण: पिनपॉइंट मोडमध्ये (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या) सर्वांत मोठा आवाज जिथे येतो ती जागा आणि फिरवताना सूर आला ती जागा यांत चार-पाच सेंटिमीटर फरक पडला तर खाली लोखंड आहे असं धरा.

नाल, बिजागरी, वॉशर आणि रुंद पत्रा मात्र फसवतात. चपट्या किंवा भोक असलेल्या लोखंडात कॉइलमुळे फिरणारा विद्युतप्रवाह इतका जोरदार असतो की यंत्राला ते चांदी-तांब्यासारखं भासतं. इथे कॉइल तीस सेंटिमीटर वर उचला. इतक्या उंचीवरूनही खणखणीत वाजत असेल तर खाली हातभर मोठी वस्तू आहे, नाणं नाही.

या टप्प्यावर बहुतेक जण डिस्क्रिमिनेशन वाढवतात, म्हणजे लोखंडाचा आवाजच बंद करतात. त्याने किरकिर वाढते. खिळ्याचा सिग्नल अर्धा कापला जातो आणि उरलेलं उंच टोक तुटक किलबिलीसारखं ऐकू येतं. उलट करा: लोखंड ऐकू येऊ द्या, फक्त त्याचा आवाज मंद ठेवा. घरघर आणि सूर शेजारी-शेजारी ऐकले की कान आठवडाभरात फरक शिकतो. लोखंड बंद ठेवण्यातला मोठा तोटा असा की खिळ्याच्या शेजारी पडलेलं नाणंही त्याच्या सावलीत गप्प होतं, आणि जुन्या आवारात चांगली नाणी अशाच सावलीत उरलेली असतात. सोपी आधीच्या लोकांनी नेली.

याच कारणाने रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर पुढची ऐकायला यंत्र किती लवकर तयार होतं ते) वाढवा आणि हाताचा वेग कमी करा. दीड मीटरच्या एका फेरीला दोन सेकंद द्या. अकरा इंची कॉइलखाली एकाच वेळी चार-पाच खिळे येतात, सहा इंचीखाली एखाद-दुसरा. खोली थोडी जाते, पण खिळ्यांच्या गर्दीत ती तशीही मिळत नव्हती. घराभोवती नियमित काम करायचं असेल तर नव्या यंत्राऐवजी छोट्या कॉइलवर पैसे घाला.

राख, कोक आणि नवी नाणी

ब्रिटनमध्ये घराघरांत कोळसा जळायचा आणि त्याची राख परसात, वाटांवर, भाजीच्या वाफ्यांत टाकली जायची. त्यातले न जळलेले कोकचे खडे आणि खंगर कार्बनमुळे वीज वाहून नेतात. यंत्रावर ते खालच्या, पण स्थिर सुरात वाजतात, दोन्ही दिशांनी. अडचण अशी की मध्ययुगीन चांदीच्या पेनीचा कापलेला पाव तुकडाही तिथेच वाजतो. त्या काळी सुटे करायला पेनी क्रूसाच्या रेषेवर कापून अर्धी किंवा पाव करत. अख्खी पेनीच अठरा मिलिमीटर रुंद आणि दीड ग्रॅमच्या आत, मग पाव तुकड्याचं काय! तो पट्टा बंद केला तर कोकबरोबर चांदीही जाते. कुठलंही सेटिंग हे दोन वेगळे करत नाही. एका चौकोनात पाच-सहा सिग्नल खणून पाहा. सगळे काळे, हलके, बुडबुड्यांचे खडे निघाले तर तो राखेचा ढीग आहे. तिथला वेळ वाचवा आणि वीस पावलं पुढे जा.

उड्या मारणाऱ्या आकड्याचं आणखी एक कारण नेहमी विसरलं जातं. ब्रिटनची एक आणि दोन पेन्सची नाणी सप्टेंबर १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. बाहेरून तांबं, आतून लोखंड, त्यामुळे आकडा एकदा तांब्याकडे, एकदा लोखंडाकडे. खिशातलं एक नवं आणि एक १९९२ पूर्वीचं नाणं गवतावर ठेवून दोन्हींवरून कॉइल फिरवा. फरक एकदा ऐकला की पुढे चुकत नाही. व्हिक्टोरियाच्या काळातली १८६० नंतरची ब्राँझची पेनी, ३१ मिलिमीटरच्या आसपास, सुस्पष्ट उंच सूर देते. आवारात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या जुन्या नाण्यांत तीच, म्हणून तुलनेसाठी एक जवळ ठेवा.

खणल्यावर आवाज नाहीसा होतो

तीन कारणं. पहिलं, लोखंड: गंज आजूबाजूच्या ओल्या मातीत पसरलेला असतो, खिळा त्यामुळे मोठा भासतो; माती हलली की ती साखळी तुटते आणि सिग्नल विरतो. दुसरं, वस्तू खड्ड्यात नसून काढलेल्या ढेकळात आहे. म्हणून माती कापडावर किंवा जुन्या ताडपत्रीवर काढा आणि आधी ती तपासा. तिसरं, नाणं फिरून उभं राहिलं. उभ्या नाण्याची कडच कॉइलला दिसते आणि सिग्नल निम्म्याहून खाली येतो. पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) खड्ड्याच्या तळाला नाही तर भिंतींना टेकवून फिरवा.

हिरवळीवर खणताना तीन बाजू कापून चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा आणि काम झाल्यावर तीच ढेकळं घट्ट दाबा. उन्हाळ्यात जमीन तडकली असेल तर हिरवळ कापूच नका, तो चौकोन वाळून पिवळा पडतो आणि मालकाला आठवडाभर दिसत राहतो.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

घराच्या भिंतीपासून एका सरळ रेषेत, दोन्ही दिशांनी, लांबवर न तुटणारा सिग्नल मिळाला तर ते पाइप किंवा विजेची वायर आहे. तिथे फावडं लावू नका. कंपन्यांच्या वाहिन्यांचे नकाशे लाइनसर्च बिफोर यू डिग या सेवेवरून मागवता येतात, पण वीजमीटरच्या पुढे मालकाने खाजगीत टाकलेली वायर, म्हणजे गोठ्यापर्यंतची किंवा कारंज्याची, त्या नकाशात नसते. मालकाला विचारा, आणि त्यालाही माहीत नसेल तर तो पट्टा सोडा.

दुसऱ्या महायुद्धात अनेक मोठी घरं लष्कराने ताब्यात घेतली होती, त्यांच्या आवारात दारूगोळा अजून निघतो. गोल शेपटीचं किंवा पितळी कड्याचं जड काही दिसलं की हात लावू नका, उचलू नका, जागा लक्षात ठेवून मागे या आणि ९९९ वर पोलिसांना सांगा. ते लष्कराचं पथक बोलावतात. माणसाची हाडं दिसली तरी तेच: थांबा आणि पोलिस.

एकाच खड्ड्यात तीन-चार नाणी निघाली, किंवा नांगराच्या खोलीखालून सिग्नल येतोय असं वाटलं, तर आणखी एकही नाणं काढू नका. खड्डा झाका आणि तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला कळवा. ब्रिटिश म्युझियम चालवत असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचा, हा माणूस फुकट मदत करतो. नाणी कशी, कशात, किती खोल पडली होती यावरच त्या ठेव्याची गोष्ट ठरते, आणि ती माहिती एकदा उपसली की परत मिळत नाही. नाणी धुऊ नका, चोळू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि जास्त कडक आहे.

आणि यंत्र चालू करण्याआधीच थांबायची एक जागा: घराचं आवार संरक्षित स्मारक असेल तर १९७९ च्या कायद्यानुसार लेखी मंजुरीशिवाय तिथे डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा आहे, मग मालकाने हो म्हटलेलं असो. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत जागा पाच मिनिटांत तपासता येते. ऐतिहासिक घरं आणि जमिनी सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर छंद म्हणून परवानगी मिळत नाही.

सुट्टीत हेच यंत्र गावी नेऊन वाड्याभोवती फिरवावं असं अनेकांना वाटतं. नेऊ नका. दख्खनच्या काळ्या जमिनीत बेसाल्टमुळे चुंबकीय खनिज इतकं आहे की इंग्लंडच्या चुनखडीवर लावलेल्या सेटिंगवर यंत्र पावलोपावली ओरडेल, पण ती अडचण दुय्यम आहे. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. वाड्याच्या पडवीखाली काही आहे असं वाटत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा.